ती सही माझी नाही

४, स्टेशन टेरेस, बरी पोर्ट
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

प्रिय गेथिन,

कादीच्या वाढदिवसाचं कार्ड पोचलं. चार दिवस उशिरा, पण पोचलं. तिने ते शाळेत नेऊन सगळ्यांना दाखवलं आणि मागे लिहिलेला तुझा नवा पत्ता मला तीनदा वाचायला लावला. पीटरहेड किती लांब आहे, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, स्कॉटलंडचा नकाशा संपतो ना, तिथे. तर म्हणाली, "मामगी, नकाशा नसतो संपत, कागद संपतो." आजीला हाक मारते लहान पोरीसारखी आणि बोलते अगदी बापासारखी, तुझ्यासारखी.

तू बरा असशील असं धरून चालते. मासळीच्या कारखान्यात पायाखालून गारठा येतो म्हणतात, तेव्हा मोजे दोन-दोन घालत जा. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. सकाळी सहाला दवाखान्याची झाडलोट, मग कादीची शाळा. तेवढा वेळ आपली जुनी शेजारीण बेटी तिच्यापाशी येऊन बसते.

वरचा पत्ता बघितलास ना? आम्ही घर बदललं. घरमालक मिस्टर हॉपकिन गेल्या वर्षी वारले आणि त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं. हे घर लहान आहे, पण कोरडं आहे. कादीच्या खोलीतून रूळ दिसतात. बेटी आता शेजारीण राहिली नाही, चार गल्ल्या चालून यावं लागतं तिला. येते आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "घर बदललंस, चहा तेवढा तसाच पाणचट ठेवलास."

एवढं लिहून मी उठले, भांडी घासली, आणि परत येऊन बसले. तुझ्या आधीच्या पत्त्यावर मी तीन पत्रं टाकली होती, ती सगळी इथेच संपली होती. गुडघे, हवा, बेटी. हे तसं संपवून चालणार नाही.

गुरुवारी पोलीस घरी येणार आहेत. माझा जबाब घ्यायला, पण काम तुझ्याशी आहे. हे तुला तिसऱ्याच माणसाच्या तोंडून कळू नये म्हणून लिहायला घेतलं. नीट वाच, आणि मध्येच फाडू नकोस.

दीड वर्षापूर्वी, ऑगस्टमध्ये, एक लिफाफा आला. मला वाटलं टीव्हीच्या लायसन्सचं असेल. आत लिहिलं होतं की माझ्याविरुद्ध कोर्टाचा निकाल झालेला आहे, वर्ष उलटून गेलं तरी पैसे भरलेले नाहीत, आणि दोन आठवड्यांत काही कळवलं नाही तर वसुलीची माणसं घरी येतील. पाच हजार आठशे साठ पौंड. व्हॅन घेण्यासाठी काढलेलं कर्ज. कर्जदार, एरलिस मे बेवन.

मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. शेवटची गाडी मी कधी चालवली ते आठवत नाही मला, आणि माझ्या नावावर व्हॅन. कोर्टाची आधीची सगळी कागदपत्रं तुझ्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेली होती. तू तिथून कधीच निघून गेला होतास. कोणी उत्तर दिलं नाही, कोणी हजर राहिलं नाही, म्हणून निकाल माझ्या नकळत लागला. तुझी ती पांढरी व्हॅन, जिच्यावर तू स्वतः 'बेवन, गिलावा आणि रंगकाम' असं रंगवून घेतलं होतंस, ती मला त्या कागदात दिसायला लागली.

मी फोन केला. पलीकडे एक मुलगी होती, सर्दी झालेली. म्हणाली, "मिसेस बेवन, हे कर्ज तुम्हाला मान्य आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

तिने विचारलं, महिन्याला किती जमेल? मी म्हटलं, पंचेचाळीस. झालं. दोन मिनिटांचं काम. तुला फोन लावून बघितला तर नंबर बंद होता.

सोळा महिने भरले मी. शनिवारी सुट्टीवाल्यांच्या कॅरव्हॅन पार्कवर साफसफाईला जायला लागले. बेटीने विचारलं तेव्हा म्हटलं, डॉक्टरांनी हालचाल ठेवायला सांगितली आहे. "लोकांची मोरी घासणं कुठल्या डॉक्टरने सांगितलं, नाव दे त्याचं," असं म्हणाली ती, पण पुढे काही विचारलं नाही. मला हे तुझ्यावर उपकार म्हणून सांगायचं नाहीये. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. दर महिन्याला पैसे गेले की वाटायचं, चला, आणखी एक महिना कोणाला काही कळलं नाही.

मग हॉपकिनच्या मुलाने नोटीस दिली. मुलगा वाईट नाही. दारात टोपी हातात धरून उभा होता. सहा महिन्यांची मुदत होती. मी म्हटलं, एवढ्यात काय, मिळेल एखादं घर.

घरं भाड्याने देणाऱ्या पाच कचेऱ्यांत गेले, गेथिन. लानेलीत तीन, इथे दोन. सगळीकडे एकच. आधी हसून चहा विचारायचे, कादीला गोळी द्यायचे, मग माझं नाव संगणकात घालायचे आणि चेहरा बदलायचा. कोर्टाचा निकाल असला की तो सहा वर्षं नावापुढे राहतो, हे मला तिथे कळलं. एका बाईने हळूच सांगितलं, "तुम्ही हप्ते भरताय ते चांगलंच आहे हो, पण घरमालक फक्त तो शेरा बघतात." पाचव्या ठिकाणाहून बाहेर पडल्यावर कादी म्हणाली, "मामगी, तू काय केलंस?" मी म्हटलं, काही नाही. तिने माझा हात सोडला नाही, पण मान वर करून बघत राहिली.

कौन्सिलने स्वान्सीत बेघरांच्या वसतिगृहात एक खोली देऊ केली. एक खोली, मोरी सगळ्यांची मिळून, आणि कादीच्या शाळेला दोन बस. कादीच्या ताब्याचे कागद ज्या बाई बघतात त्या येऊन गेल्या. आवाज चढवून बोलल्या नाहीत. वहीत बघत म्हणाल्या, "राहायला नीट जागा नसेल, तर मुलीच्या सोयीचा आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल, मिसेस बेवन." सोय म्हणे. हिच्या आईला, लोरीला आपण पुरलं तेव्हा ही पोर दोन वर्षांची होती. तेव्हापासून तिचे केस मी विंचरते.

म्हणून मी लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, सल्ला केंद्रात गेले. तिथे नेरिस प्यू म्हणून बाई आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी कंपनीकडून कर्जाच्या मूळ अर्जाची नक्कल मागवली. आली त्या दिवशी मला बोलावलं, अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी माझं पेन्शनचं पुस्तक उघडून ठेवलं. 

मग म्हणाल्या, "एरलिस, पस्तीस वर्षं मी लोकांचे कागद बघते आहे. ही सही तुमची नाही."

माझ्या नावाच्या स्पेलिंगमधल्या 'वाय'ची शेपटी मी कधी वळवत नाही. तू वळवतोस. पाच वर्षांचा असल्यापासून. मी किती वेळा खोडून परत काढायला लावली असेल, पण तुला ती वळवलेलीच आवडायची.

नेरिसने कोणाची म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "कोर्टात अर्ज करू. जाऊन सांगायचं, ती सही माझी नाही. निकाल रद्द होऊ शकतो."

"एवढंच सांगायचं?"

"एवढंच विचारतील अशी आशा करू," ती म्हणाली.

जानेवारीच्या सोळा तारखेला बोलावलं. मला वाटलं होतं मोठं दालन असेल, लोक असतील. तर एक टेबल, पाण्याचा जग आणि चार खुर्च्या. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, नाक लाल झालेलं. कंपनीकडून एक तरुण वकील आला होता, त्याचे बूट ओले होते. बाहेर नेरिसने विचारलं होतं, "वेल्शमध्ये बोलायचं की इंग्रजीत? तुमचा हक्क आहे." मी इंग्रजी म्हटलं. तिला नवल वाटलं. खरं कारण असं, की एक छोटंसं खोटं मी घरून तयार करून नेलं होतं, आणि खोटं परक्या भाषेत बोलायला सोपं जाईल असं मला वाटत होतं.

न्यायाधीश बाईंनी अर्ज पुढे केला. "ही सही तुमची आहे?"

"नाही."

"मग, मिसेस बेवन, सोळा महिने तुम्ही हे हप्ते का भरलेत? ज्याने सही केलेली नाही असा माणूस पहिल्याच दिवशी ओरडत येतो."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. घाबरले होते, कायद्याचं काही कळत नाही, असं काहीतरी. मी तोंड उघडलं आणि ते इंग्रजीत येईना. खुर्ची घट्ट धरून बसले. तेव्हा त्या बाई पुढे वाकल्या आणि वेल्शमध्ये, आपल्या इथल्याच बोलीत म्हणाल्या, "आपल्या भाषेत बोला, बाई. मी त्यांना सांगेन. घाई नाही."

चॅपेलच्या पायरीवर कोणीतरी विचारावं तसं विचारलं त्यांनी. माझी आई बोलायची त्या आवाजात.

"कोणाची सही आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?"

आणि मी सांगितलं. "माझ्या मुलाची." त्यांनी पूर्ण नाव विचारलं. गेथिन इव्हान बेवन. इव्हान तुझ्या आजोबांचं. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून कागद माझ्याकडे वळवला. मी बघितलं. बरोबर होतं.

निकाल रद्द झाला. पुढच्या दहा मिनिटांत. तो ओल्या बुटांचा वकील माझ्याकडे न बघता म्हणाला की कंपनी हे प्रकरण आता पोलिसांकडे देईल, त्यांना पर्याय नाही. बाहेर आल्यावर नेरिसने मला मिठी मारली. मी तिला म्हटलं, पाणी दे.

आता कादी हाक मारते आहे. तिला उद्याचा गणवेश सापडत नाही. येते.

(तासाभराने)

गणवेश पलंगाखाली होता. ती आता वाचत पडली आहे.

इथवर वाचून तुला वाटलं असेल, म्हातारीने मला विकलं. हो, विकलं. त्याच्या बदल्यात हे घर मिळालं आणि पोर माझ्यापाशी राहिली. पण मी सांगितलं ते पूर्ण नव्हतं, आणि जे सांगितलं नाही ते अजून सांगायचं राहिलं आहे. म्हणून हे पत्र.

न्यायाधीश बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला होता. "कर्ज काढलं तेव्हा तुम्हाला काही कल्पना होती?"

मी म्हटलं, "नाही." आपल्या भाषेत म्हटलं. जीभ अडखळली नाही.

तो ऑक्टोबरातला रविवार तुझ्या लक्षात असेल. लोरी जाऊन दीड वर्ष झालं होतं. दीड वर्ष तू त्या जुन्या घरात यायचास आणि कोट न काढता बसायचास. दाढी वाढलेली, पोरीकडे बघायचास तर असा, जणू ती कोणा दुसऱ्याची. त्या दिवशी तू शीळ घालत आलास. लांबूनच ऐकू आली मला. कोट खुंटीला लावलास. म्हणालास, "आई, एक व्हॅन बघितली आहे. स्वतःचं काम सुरू करतो. कोणाच्या हाताखाली नाही." मटणाच्या काउलचा रस्सा शिजत होता. मी कांदे परतत होते. तू खणातून माझं लायसन्स काढलंस, बँकेचा कागद काढलास, आणि टेबलाशी बसून म्हणालास, "कादीच्या शाळेचा फॉर्म भरायचा आहे."

कादी तीन वर्षांची होती. कसला शाळेचा फॉर्म.

मी वळून बघितलं, गेथिन. तू चॅपेलच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर माझं नाव लिहीत होतास. एकाखाली एक. पाच वेळा. मला ते दिसलं. आणि मला हेही कळलं, की तुझा हात थांबला आहे. तू मान वर केली नाहीस. पेन तसंच कागदावर टेकवून बसलास, किती वेळ कोण जाणे. कांदे करपायला लागले.

मी विचारलं, "बटाटे किती घालू? जेवून जाशील ना?"

तू म्हणालास, "घाल थोडे जास्त."

तू गेल्यावर मी ते पत्रक शेगडीत टाकलं.

या चार वर्षांत मी हे स्वतःलाही धड सांगितलेलं नाही. कधी म्हणायचे, मला नीट दिसलं नाही. कधी म्हणायचे, पोरगा हप्ते भरेल, आणि भरलेसही तू, पाच महिने एकही न चुकवता. त्यानंतर कोरोनाची साथ आली, सगळी कामं बंद पडली, लोकांच्या घरात पाऊल टाकायची बंदी आली, त्यात तुझा काय दोष. पण त्या दिवशी मी विचारलं असतं, "काय करतोस रे?" तर? तू थांबला होतास ना? मी विचारावं म्हणून थांबला होतास ना? मला आता तसं वाटतं. मी विचारलं असतं तर तू बोलला असतास, आणि मी कदाचित स्वतःहून सही केली असती, माझ्या हाताने. मग आज कर्ज माझं असतं आणि तू चोर झाला नसतास. मला तुझी शीळ बंद पडायला नको होती. एवढंच कारण आहे. दुसरं काही नाही.

गुरुवारी जी पोलीस बाई येणार आहे तिला मी हे सगळं सांगणार आहे. नेरिसला काल सांगितलं तर ती हादरली. म्हणाली, "तुम्हाला हे कोणी विचारलेलं नाही, एरलिस. शपथेवर खोटं बोलल्याचं तुमच्यावर येईल. निकाल परत लागेल. कशाला?" मी म्हटलं, कोर्टात मी त्याच्या नावाचं स्पेलिंग तपासून दिलं. आता माझं तपासून देते.

आणखी एक, हेही लपवत नाही. सोळा जानेवारीला हे घडलं आणि मी आज लिहिते आहे. घराची किल्ली हातात पडेपर्यंत मी थांबले. करारावर माझी सही झाली, मग तुला पत्र.

उद्या सकाळी पहिल्या टपालाने टाकते. गुरुवारच्या आत पोचेल. तुला पळायचं असेल तर ते मला सांगू नकोस, आणि मी पळ असं म्हणतही नाही. फक्त तुला आधी कळायला हवं होतं.

तुझी,
आई


४, स्टेशन टेरेस
सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

गेथिन बाळा,

तुझं उत्तर आलं नाही. मला वाटलं होतं येणार नाही. पण तू काय म्हणालास ते मला एप्रिलमध्येच कळलं होतं.

फेब्रुवारीत त्या पोलीस बाईने माझं सगळं लिहून घेतलं. दोनदा विचारलं, "हे खरंच लिहू?" मग एप्रिलमध्ये परत आली आणि तुझा तिकडे दिलेला जबाब तिने मला वाचून दाखवला. माझं पत्र तोवर तुझ्या हातात पडलेलं असणार, तरी तू ते पोलिसांना दाखवलं नाहीस. तू सांगितलंस, "आईची पाठ माझ्याकडे होती. ती कांदे परतत होती. तिने काहीही बघितलं नाही. ती आता जे सांगते आहे ते मला वाचवायला सांगते आहे. ती तशीच आहे."

मी म्हटलं, "तो खोटं बोलतो आहे."

ती म्हणाली, "मिसेस बेवन, तुम्ही कोर्टात एक सांगितलंत, मला दुसरं सांगितलंत. त्याने पहिल्यापासून एकच सांगितलं आहे. आम्ही त्याचं धरतो आहोत." आणि वही मिटली. म्हणजे मी जन्मात एकदा खरं बोलले, आणि ते कोणी धरलं नाही. पत्रक तर मीच जाळून टाकलेलं.

मग सहा सप्टेंबर. तू येणार हे मला नेरिसने सांगितलं. मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते, बेटी शेजारी. तू आत आलास आणि मी आधी ओळखलंच नाही. केस इतके बारीक कापलेले, आणि ते जाकीट तुझं नव्हतं, खांद्यावर उतरत होतं. तू गुन्हा कबूल केलास. आवाज स्पष्ट होता. दहा महिन्यांची शिक्षा, पण स्थगित. दोनशे तास बिनपगारी समाजसेवा, आणि कंपनीला दर महिन्याला तुझ्या पगारातून पैसे. बेटीने माझा हात दाबला आणि म्हणाली, "तुरुंगात नाही जाणार, ऐकलंस का, नाही जाणार." ऐकलं मी. पण माझं लक्ष तुझ्या मानेकडे होतं. तिथे वस्तऱ्याने कापलं होतं.

बाहेर बसथांब्यापाशी मी तुला गाठलं. चीज आणि कांद्याची सँडविचं मी सकाळी केली होती, ती पुढे केली. तू घेतलीस. म्हणालास, "थँक्यू, आई. दोन दहाची गाडी आहे." मग थोडं थांबून, "कादीला सांगू नकोस मी आलो होतो."

मी मान हलवली. तुझी बस आली. तू खिडकीत बसलास, पण पलीकडच्या बाजूच्या.

मला तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं. "घरी चल" एवढे दोनच शब्द. तिथून घर बसने पंचवीस मिनिटांवर. मी सँडविचांची पिशवी कशी बांधली आहे ते तुला समजावत बसले.

कादीला मी सांगितलं. तुझा शब्द मोडला. गप्प बसून मी या घराचं पुष्कळ वाटोळं केलं आहे, आणखी नको. म्हटलं, तुझे बाबा आले होते, लानेलीला, कोर्टात काम होतं. तिने विचारलं, "कसे दिसत होते?" मी म्हटलं, बारीक. "मग इथे का नाही आले?"

मी म्हटलं, "मी त्याला ये म्हटलं नाही."

तिने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मग म्हण ना." आणि बाहेर खेळायला गेली. तिला ते एवढं सोपं वाटतं.

म्हणून लिहिते आहे. ख्रिसमसला ये, किंवा त्याआधी, किंवा त्यानंतर केव्हाही. तिच्या खोलीत गादी घालता येईल. काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस. बोलायचं असेल तर मी या वेळी गॅस बंद करून समोर बसेन. आणि नाही यायचं असं ठरलं असेल, तर तसं लिही, एका ओळीत चालेल. मी ते कादीला वाचून दाखवीन आणि तुझ्यावर रागावणार नाही. मला तो हक्क राहिलेला नाही.

तुझ्या खोट्याने वाचलेली,
तुझी आई
एरलिस